ठकू बुरडीण आणि काजळीची झोप

सावरघळला गाडीरस्ता यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. किती आधीची म्हणाल, तर ज्या म्हाताऱ्यांनी ती आपल्याला सांगितली, त्यांच्या आज्यांनीही ती आपापल्या आज्यांच्या मांडीवर पडून ऐकली होती. तेव्हा गावात डोंगरातून उतरणारी एकच पायवाट होती, आणि त्या पायवाटेच्या तोंडाशी, गावाच्या अगदी पहिल्या झोपडीत, ठकू बुरडीण राहायची.

ठकूबाईच्या हाताला तोड नव्हती. तिनं विणलेल्या टोपलीतून ओढ्याचं पाणी घरापर्यंत आणलं तरी थेंब गळायचा नाही, असं म्हणतात. पण ती ठार बहिरी होती. लहानपणी देवीच्या साथीत जीव वाचला आणि कान गेले. बोलायला येत होतं, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे ती जे बोले ते ओरडूनच बोले. तिनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं की ते ओढ्यापलीकडच्या गुराख्यालाही कळायचं. त्यामुळे गावातली कुठलीच बाई तिला गुपित सांगायची नाही, आणि बहुधा त्यामुळेच तिचं कधी कुणाशी भांडणही झालं नाही.

नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. होती ती एक कुत्री. अंगानं तांबूस, आणि डोळ्यांभोवती कुणी बोटानं काजळ फिरवावं तशी काळी कड. म्हणून तिचं नाव काजळी. ही काजळी म्हणजेच ठकूबाईचे कान. दारात कुणी आलं की काजळी उठायची, ठकूबाईच्या लुगड्याचा काठ दातात धरायची आणि दाराकडे ओढायची. चुलीवरचं उतू जायला लागलं की चुलीकडे ओढायची. रानात पाचोळ्यात काही सळसळलं की वाटेत आडवी उभी राहायची, मग ठकूबाई पुढचं पाऊल टाकायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पिल्लू असतानाच तिनं पाहिलं की या बाईला हाक ऐकू येत नाही, आणि त्या दिवसापासून ते काम तिनं आपल्या अंगावर घेतलं, असं म्हणतात.

चैत्रातल्या एका सकाळी दोघी डोंगरावर टोपल्यांसाठी कळक, म्हणजे बांबू, तोडायला गेल्या. ठकूबाई वाकून कोयत्यानं घाव घालत होती आणि मागून रानडुक्कर आलं. जाळी मोडत येणाऱ्या डुकराचा आवाज मैलभर जातो, पण तिला तो कुठला ऐकू यायला? काठ ओढायलाही वेळ नव्हता. काजळी सरळ मधे पडली. ठकूबाईनं वळून पाहिलं तेव्हा डुक्कर खालच्या जाळीत घुसत होतं आणि काजळीचं पोट वीतभर फाटलं होतं.

ठकूबाईनं लुगड्याचा पदर टरकन फाडला, पोट बांधलं, कळकाचा भारा तिथंच टाकला आणि काजळीला पाठीवरच्या मोठ्या टोपलीत, हाऱ्यात, निजवून हारा डोक्यावर घेतला. दोन कोसांची उतरण होती. वाटेत तिनं एकदाही हारा खाली ठेवला नाही. ती रडत उतरत होती, आणि ते रडणं एवढं मोठं होतं की ती खाली पोचायच्या आधीच अख्खं गाव पायवाटेशी येऊन उभं राहिलं होतं.

नशीब असं की त्या दिवशी गावाबाहेरच्या उंबराखाली एका वैदूनं पाल ठोकलं होतं. त्यानं काजळीचं तोंड दोरीनं बांधलं, जखम कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली, बाहेर आलेलं आत सारलं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसानं सोळा टाके घातले. ठकूबाईनं कुत्रीचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. काजळी तडफडत होती, पण ठकूबाईचे हात हलले नाहीत. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात सगळं उरकलं.

मग वैदू पथ्य सांगायला लागला आणि त्याच्या ध्यानात आलं की बाईला ऐकू येत नाही. म्हणून त्यानं भर लोकांत ते करून दाखवलं. आधी स्वतःच्या पोटाकडे वाकून, जीभ बाहेर काढून चाटल्यासारखं केलं आणि जोरजोरात मान हलवली. मग गाल फुगवले, पोट फुगवलं आणि मान हलवली. शेवटी त्या जाडजूड माणसानं धपाधप तीन उड्या मारल्या आणि पुन्हा मान हलवली. गाव पोट धरून हसलं. ठकूबाई हसली नाही. चाटायचं नाही, फुगायचं नाही, उडी मारायची नाही, हे तिनं मनात पक्कं केलं. किती दिवस, ते त्यानं बोटांनी दाखवलं. चौदा. ती बोटं तिनं दोनदा मोजून घेतली.

"शिवनं सोपं हाय," वैदू लोकांकडे वळून म्हणाला. "माझं काम झालं. आता चौदा दिस ह्या बाईचं काम." त्यानं पाल मोडलं आणि तो घाटाकडे चालता झाला. त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ते आजही कुणाला ठाऊक नाही.

इकडे गावाला काजळीचं कौतुक दाटून आलं. बाईसाठी जीव द्यायला निघालेली कुत्री, तिच्यासाठी काय करू नि काय नको! दुसऱ्या दिवशी ठकूबाई पाण्याला गेली, आणि शेजारची यशोदा सुतारीण दूधभाकरी घेऊन आत शिरली. "खा गं बाय, अंगात जरा ताकद यील," म्हणाली आणि काजळीनं भांडं चाटून पुसून ठेवल्यावर गुपचूप निघून गेली. तिच्यामागून कुणी तूपभात आणला, कुणी रस्सा आणला, एकीनं तर घरातली शिळी पुरणपोळीही आणली. ठकूबाई कळकाला गेली, शेणाला गेली, की एकेक जण येऊन जायचा. सावरघळची माणसं अशीच, दुखणं म्हटलं की त्यांना एकच औषध सुचतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच तेवढं दिलं. दिवस मावळेपर्यंत काजळीचं पोट ढोलासारखं ताणलं आणि सोळांतले दोन टाके उसवले.

त्या संध्याकाळी ठकूबाईनं घातलेल्या शिव्या डोंगरापलीकडच्या गावातही ऐकू गेल्या, आणि तिथल्या लोकांनी आपापली दारं लावून घेतली, असं म्हणतात. उसवलेल्या जागी तिनं हळदीची पट्टी बांधली. त्यानंतर काजळीला फक्त तिच्याच हातचं मिळायला लागलं. नाचणीची पातळ पेज, ओंजळीत घेऊन, दिवसातून पाच वेळा. ओंजळ चाटून झाली की पुरे.

पोट उतरलं, पण आता जखम खाजायला लागली आणि काजळीची जीभ तिकडे वळायला लागली. कुत्र्याला बिचाऱ्याला दुसरं औषध माहीत नसतं. ठकूबाई तिचं तोंड हातात धरून बसायची, पण माणसाला कधीतरी डुलकी लागतेच. शेवटी तिनं कळकाच्या चिरलेल्या पट्ट्या, कामट्या, पुढ्यात ओढल्या. आता बुरुडाचं काम नेहमी बुडापासून सुरू होतं. आधी बूड घालायचं, मग उभ्या कामट्या वर वळवायच्या, मग भोवतीनं विणत जायचं. तिच्या सासऱ्यानं तिला तसंच शिकवलं होतं, आणि बूड न घालता टोपली विणायला घेणं म्हणजे त्यांच्या घरात मोठं अवलक्षण मानायचे. ठकूबाई कामट्या हातात घेऊन अर्धा दिवस नुसती बसली. मग तिनं मेलेल्या सासऱ्याला हात जोडले, "मामंजी, रागावू नगा!" असं आभाळाकडे बघून ओरडली, आणि दोन्ही बाजूंनी उघडी टोपली विणायला घेतली. एक तोंड काजळीची मान जाईल एवढं, दुसरं तोंड सुपाएवढं रुंद.

पहिली आखूड झाली, काजळीची जीभ तिच्यातून बाहेर पोचली. दुसरी जड झाली. काजळी मान टाकून बसली आणि तिनं ठकूबाईकडे अशा नजरेनं पाहिलं की बाईनं ती तिथल्या तिथं कोयत्यानं फोडली. तिसरी कोवळ्या कळकाची, हलकी, मानेच्या कडेला जुन्या लुगड्याची मऊ घडी शिवलेली. ती बरोबर बसली. काजळी दाराच्या चौकटीला दोनदा अडकली, मागं सरली, मग मान तिरकी करून बाहेर पडायला शिकली. "काजळी कणगीत शिरलीया!" म्हणून पोरं नाचायला लागली. ठकूबाईनं त्यांना कोयता दाखवला.

तिनं काजळीसाठी भाताच्या पेंढ्याचं जाड अंथरूण केलं आणि वर आपलं धुवट लुगडं पसरलं. कूस बदलायची असली की ती स्वतः दोन्ही हातांनी बदलून द्यायची. बाहेर न्यायचं तर पोटाखालून पंचा घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे टाक्यांवर भार येत नसे. माश्या बसू नयेत म्हणून दिवसभर विंझण्यानं वारा घालायची. एखाद्या बाळंतिणीचंही कुणी इतकं केलं नसेल.

एवढं करूनही जखम मिळून येईना. पाचव्या दिवशी टाक्यांतून पुन्हा ओल दिसायला लागली, कुत्री वाळत चालली, डोळ्यांतलं पाणी गेलं. ठकूबाईला कारण कळेना. सहाव्या दिवशी दुपारी तिनं हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि ती काजळीच्या समोर बसून नुसती तिच्याकडे पाहत राहिली. काजळीचे कान खाली पडायचे, डोळे मिटायचे, आणि लगेच कान ताठ. काजळी धडपडत उठायची. टोपलीमुळे काठ दातात धरता येत नाही, म्हणून टोपलीनंच ठकूबाईला ढोसायची आणि दाराकडे वळायची. दारात जाऊन पाहावं तर गळ्यात घंटा बांधलेली म्हैस चाललेली. परत निजवावं तर परत कान ताठ. बघावं तर पलीकडे यशोदाचा नवरा लाकडावर घाव घालतोय. एका दुपारी असं चाळीस वेळा झालं.

तेव्हा ठकूबाईच्या डोक्यात उजेड पडला. काजळी दुखण्यानं मरत नव्हती, कामानं मरत होती. गावात आवाज झाला की तो आपल्या बाईला सांगितलाच पाहिजे, एवढं एकच तिला माहीत होतं. आणि बहिऱ्या बाईला आजवर कळलंच नव्हतं की गावात एवढे आवाज असतात. ती लांब जाऊन बसली तर काजळी तिला शोधत निघायची. जवळ बसली तर सांगायला उठायची. उपाय एकच होता आणि तो काही ठकूबाईच्या एकटीच्या हातातला नव्हता.

ती तडक भैरोबाच्या देवळात गेली. जत्रा तीन दिवसांवर आली होती, तिची बोलणी करायला सगळं गाव तिथं जमलं होतं. ठकूबाई मधोमध जाऊन उभी राहिली.

"माझी कुत्री झोपंना!" ती ओरडली. "आवाज झाला का उठतीया, मला सांगाया येतीया! झोपली न्हाई तर मरंल ती! आठ दिस गप ऱ्हावा! तुमच्या पाया पडते, समद्यांनी गप ऱ्हावा!"

गप राहायची विनवणी इतक्या मोठ्यानं त्या गावात आजवर कुणी केली नव्हती. देवळावरची कबुतरं उडून गेली. पण हसलं मात्र कुणी नाही. यशोदा पदरात तोंड लपवून म्हणाली, "आमच्या घरातलं मानूस आठ दिस शिवारात जाऊन काम करंल." गुराखी म्हणाले, घंटा सोडून ठेवू. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाया म्हणाल्या, आठ दिवस पलीकडच्या गावातून उसनं पीठ आणू. सगळं जमत आलं, आणि लिंगू गुरवानं हात वर केला.

"समदं खरं," तो म्हणाला. "पन जत्रंचं काय? हलगी वाजल्याबिगार भैरोबाची पालखी कवा उठली न्हाई. देवाला मी काय सांगू? कुत्री झोपलीया म्हनून?"

लिंगू गुरव वाईट माणूस नव्हता. वर्षभर देवाजवळ राहून त्याला देवाचीच तेवढी काळजी असायची. ठकूबाईला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत, पण एकेक तोंड खाली झुकताना तिनं पाहिलं आणि ती काय समजायचं ते समजली. ती माघारी वळली.

तेवढ्यात खांबाशी बसलेला सटवा उठला. जत्रेत मानाची हलगी त्याची. चाळीस वर्षं तो भैरोबाच्या पुढं वाजवत आला होता, आणि वर्षातून तो एकच दिवस असा असायचा की गाव त्याच्या मागून चालायचं.

"गुरवबाबा," तो म्हणाला, "द्येव माझी हलगी चाळीस वर्सं ऐकतुया. एक साल न्हाई ऐकली तर द्येव काय मरत न्हाई. ती कुत्री मरंल."

आणि त्यानं कमरेला खोचलेल्या हलगीच्या काड्या काढून ठकूबाईच्या पदरात टाकल्या. त्याचं बोलणं तिला ऐकू आलं नव्हतं. काड्या कळल्या. तिनं त्या छातीशी धरल्या आणि जन्मात पहिल्यांदा ती काहीतरी हळू आवाजात बोलली. काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. लिंगू गुरवानं देवाला हात जोडले. मग त्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा काढला आणि देवळाच्या घंटेभोवती करकचून बांधला.

त्या आठ दिवसांबद्दल काय काय म्हणतात! बायकांनी पायांतली जोडवी काढून ठेवली. नवराबायको खाणाखुणांनी भांडले, आणि एकानं तर पाठ फिरवूनच भांडण जिंकलं. कोंबडे आरवायच्या ऐवजी नुसती मान वर करून बघायचे. एका घरात बाळ जन्मलं, ते रडायला तोंड उघडून आईकडे बघून परत मिटून बसलं, असं म्हणतात. गावातली बाकीची कुत्रीसुद्धा ओढ्यापलीकडे जाऊन भुंकून यायची.

टाके घातल्यापासून नवव्या दिवशी जत्रा भरली. दहा गावांची माणसं आली, आणि वेशीवर प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून आत सोडलं. दिवस कलताना लिंगू गुरवानं भीतभीत पालखीला हात लावला. हलगीशिवाय ती उठेल की नाही याचा त्याला भरवसा नव्हता. ती फुलासारखी उठली, असं म्हणतात. भोयांनी वहाणा काढल्या, सगळी माणसं अनवाणी निघाली, आणि सटवा रिकाम्या हातांनी आपल्या मानाच्या जागी, सगळ्यांत पुढं चालला.

पालखीची वाट ठकूबाईच्या दारावरून जाते. ती आत काजळीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. दारातून तिला पाय दिसायला लागले. पाय, पाय, शेकडो पाय. तिनं काजळीच्या कानांकडे पाहिलं. कान ताठ झाले की संपलं. पण कान खाली पडलेले होते, आणि तसेच राहिले. नऊ दिवसांत काजळी पहिल्यांदा गाढ झोपली होती.

असं म्हणतात की त्या वेळी वारा थांबला, डोंगरावरची कळकाची बेटं एकमेकांना घासायची थांबली, आणि ओढासुद्धा दगडांवरून पाय न वाजवता गेला. इतकी शांतता झाली की ठार बहिऱ्या ठकूबाईच्या कानात एक आवाज आला. ती दचकली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कारण आवाज कुठून येतो ते ओळखायचंच ती विसरून गेली होती. मग ती वाकली आणि तिनं आपला कान टोपलीच्या तोंडाशी नेला. काजळी घोरत होती. पालखी पुढं जाईपर्यंत ठकूबाईनं ते घोरणं ऐकलं, आणि त्यानंतर तिला कधी काही ऐकू आलं नाही. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी खुशाल खरं मानू नये. पण भोयांनी दारातून तिला रडताना पाहिलं होतं, आणि त्या दिवशी ती जराही आवाज न करता रडत होती.

झोप आली तशी जखम भरत गेली. चौदाव्या दिवशी ठकूबाईनं चौदा टाके एकेक करून कापले आणि मानेतली टोपली काढली. काजळी उठली, अंग झाडलं, आणि लुगड्याचा काठ दातात धरून तिला दाराकडे ओढायला लागली. दारात अख्खं गाव उभं होतं, एक शब्द न बोलता, आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. "आता द्या!" ठकूबाई ओरडली. सटवाला त्याच्या काड्या मिळाल्या, आणि त्यानं राहिलेल्या जत्रेची हलगी त्याच अंगणात दिवस मावळेपर्यंत वाजवली. पुढं काजळी आणखी एकवीस वर्षं जगली, असं म्हणतात. कुत्री एवढी जगत नाहीत हे सावरघळच्या लोकांनाही चांगलं माहीत आहे.

ठकूबाईला जाऊन आता किती काळ लोटला. गावात रस्ता आला, गाड्या आल्या, तालुक्याला मोठा दवाखाना झाला. तरी आजही सावरघळमध्ये कुणी ऑपरेशन करून घरी आलं, माणूस असो की जनावर, तर त्याच्या दारावर बूड नसलेली टोपली टांगतात. तिला ठकूबाईची टोपली म्हणतात. ती दिसली की पोरं मोटरसायकल बंद करून ढकलत नेतात, बायका हाक न मारता परत फिरतात, आणि डबा घेऊन येणारा आधी घरच्यांना विचारतो, काय चालेल.

जत्रेत अजून एक रीत आहे, आणि बाहेरगावचे पाहुणे ती बघून चक्रावतात. चैत्राच्या उन्हात गावातली कुत्री सावली बघून भर वाटेतच आडवी होतात. पालखीच्या वाटेवर असं एखादं झोपलेलं कुत्रं आलं, की पुढचा भोई हात वर करतो. हलगी थांबते, माणसं गप होतात, आणि भैरोबाची पालखी कुंपणाच्या काट्यांना घासत, अंग चोरून पलीकडून जाते. देवाला वळसा पडतो, पण कुत्र्याला कुणी उठवत नाही.